हॉर्नकाकूंचा ड्रायव्हर

हॉर्नकाकूंना आता ड्रायव्हर ठेवावा लागेल, असं सर्वांत आधी म्हणणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय निघाला की काकू अजूनही उठून दुसऱ्या खोलीत जातात. तो बिचारा काही वाईट बोलला नव्हता. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर गेली आहे, समोरचं दिसेल पण कडेचं दिसणार नाही, तेव्हा गाडी चालवणं आजपासून बंद, ड्रायव्हर ठेवा, एवढंच म्हणाला. काकूंनी त्याला विचारलं, "कडेला बघत गाडी चालवतं कोण? मी तर जन्मभर समोर बघूनच चालवली." डॉक्टर हसला. त्याने हसायला नको होतं.

काकू तशा कुणाच्याच काकू नव्हत्या आणि सगळ्या गल्लीच्या होत्या. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे एका गोदामाची उंच भिंत आडवी येते. पलीकडून काय येतंय ते अंगावर आल्याशिवाय कळत नाही. त्या कोपऱ्यावर काकू एक लांब आणि एक तोकडा हॉर्न द्यायच्या. सकाळ असो, दुपार असो, रस्ता मोकळा असो नसो, हॉर्न चुकायचा नाही. पोरांनी नावच ते पाडलं, आणि ती पोरं बाप झाली तरी नाव काही बदललं नाही.

लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा घरात गाडी होती, पण चालवणारं कुणी नव्हतं. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. नवरा एकदा शिकायला बसला, मागे घेता घेता पाण्याच्या टाकीला जाऊन भेटला आणि त्याने कानाला खडा लावला. मग काकू म्हणाल्या, मी शिकते. सासूबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "बाई? आणि गाडी चालवणार?" काकू तरीही शिकायला गेल्या. शिकल्या, आणि सर्वांत आधी सासूबाईंनाच दाताच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. परत येताना सासूबाईंचा गाल असा सुजला होता की त्यांना चकार शब्द काढता आला नाही. हा विजय काकू पुढे वर्षानुवर्षं मीठमसाला लावून सांगत राहिल्या.

नवऱ्याला त्याची कधी लाज वाटली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. तो शेजारच्या सीटवर पेपर वाचत बसायचा आणि कुणी टोमणा मारला की म्हणायचा, "मला फुकट ड्रायव्हर मिळालाय, तुम्ही जळता कशाला?" गावाबाहेर गोदामांच्या मागे एक ओसाड मैदान होतं. तिथे काकूंनी गल्लीतल्या निम्म्या बायकांना गाडी शिकवली. क्लच सोडताना धक्का बसला की शिव्या घालायच्या, आणि जमलं की आईस्क्रीम खायला घालायच्या. एकच गोष्ट राहून गेली. गाडी चालवायची काकूंनी, धुवायची काकूंनी, गॅरेजवाल्याशी भांडायचं काकूंनी, पण कागदावर गाडी नवऱ्याच्या नावावर. एकामागून एक गाड्या बदलल्या, शेवटची ही राखाडी गाडी आली, तीही त्याच्याच नावावर. तो गेल्यावर ती मुलाच्या नावावर झाली. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. खुद्द काकूंनाही नाही.

मग तो खांब झाला. इमारतीच्या फाटकाचा डावीकडचा खांब, जो काकू या घरात यायच्या आधीपासून तिथेच होता. एके सकाळी गाडी बाहेर काढताना त्यांनी त्याला असं घासलं की डावं दार आत गेलं आणि आरसा लोंबायला लागला. काकू खाली उतरल्या, खांबाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा इथे नव्हता." वॉचमन म्हणाला, "इथेच होता हो काकू." काकू म्हणाल्या, "तू गप्प बस." त्यानंतर मुलाने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, आणि पुढचं वर आलंच आहे.

मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आईवर जीव होता त्याचा. फक्त त्याचं काम चमत्कारिक होतं. मालवाहतुकीच्या कंपनीत तो दिवसभर एका पडद्यासमोर बसायचा. पडद्यावर नकाशा, नकाशावर ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक ट्रक. एखादा ठिपका थांबला की फोन लावायचा: "गाडी का थांबली?" ड्रायव्हर जेवत असो, झोपला असो, आडोशाला गेलेला असो, त्याने उत्तर द्यायचं. दिवसभर हे केलेला माणूस घरी येतो तेव्हा बूट काढतो, पण सवय काढत नाही. गाडीतही तसलं यंत्र बसवू असं त्याने सुचवलं, तेव्हा काकूंनी सांगितलं, "ज्या दिवशी यंत्र बसेल त्या दिवशी मी रिक्षाने जाईन." मुलगा नमला. निदान काकूंना तसं वाटलं.

पहिला ड्रायव्हर त्यानेच एजन्सीतून आणला. पांढरा शर्ट, चकचकीत बूट, आवाज मधाळ. तो धावत येऊन मागचं दार उघडायचा. काकूंना मागे बसायची सवय नव्हती. मागून त्याचं डोकंच दिसायचं, रस्ता दिसायचा नाही. पण त्या मोठ्या मनाने बसल्या. बाहेर पडायला मिळत होतं ना, मग झालं. काकू रोज बाहेर पडायच्या. पोस्टात जायचं, नाही तर लोखंडी सामानाच्या दुकानात उगाच कड्या-कुलपं बघत हिंडायचं, तळ्याकाठी गाडी उभी करून बसायचं. एक मैत्रीण लिफ्ट नसलेल्या इमारतीत सर्वांत वर राहायची. तिचे गुडघे गेले होते. ती कशीबशी खाली उतरून गाडीत येऊन बसायची आणि दोघी काचा वर करून मनसोक्त जगाची निंदा करायच्या. सगळं मिळून एवढंच. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि सांगण्यासारखंही नव्हतं.

एके दिवशी जेवताना मुलगा सहज म्हणाला, "आई, साखर वाढलीये तुझी. दोन-दोन आईस्क्रीम कशाला खायची?"

काकूंचा घास तोंडाशीच थांबला. आईस्क्रीम खरं होतं. दोन होती हेही खरं होतं. पण ते तळ्याकाठी खाल्लं होतं, आणि तिथे त्या आणि पांढरा शर्ट सोडून कुणी नव्हतं. सकाळी त्यांनी पांढऱ्या शर्टाला चहा दिला, त्याच्या आईवडिलांची चौकशी केली आणि नारळ दिला. तो जाताना म्हणाला, "साहेबांनीच सांगितलं होतं, रोज फोन करत जा म्हणून." काकू म्हणाल्या, "मग आता त्यांनाच फिरव."

दुसरा जास्त हुशार निघाला. तो फोन करायचा नाही. गाडी थांबली की खाली उतरून म्हणायचा, "जरा टायर बघतो." पोस्टापाशी टायर, दुकानापाशी टायर, मैत्रिणीच्या दाराशी टायर. टायरची इतकी काळजी घेणारा माणूस काकूंनी जन्मात पाहिला नव्हता. एकदा त्यांनी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. गडी टायरकडे पाठ करून दोन्ही अंगठ्यांनी मोबाईलवर टाइप करत होता. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी पोहोचेपर्यंत त्यांनी दम धरला, मग म्हणाल्या, "तुझं टायरवर फार प्रेम आहे. पंक्चरच्या दुकानात काम बघ."

त्या संध्याकाळी मायलेकांची जुंपली. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"तू कुठे जातेस ते मला कळायला नको?" मुलगा म्हणाला.

"का कळायला हवं?"

"मला काळजी वाटते म्हणून!"

"काळजी तू कर की, मी कुठे नको म्हणते? पण तिच्यासाठी मी पहारा बसवून घेणार नाही."

"म्हणजे एकही माणूस तू टिकू देणार नाहीस." मुलगा उठून उभा राहिला. "ठीक आहे. आता तूच शोध. तुला हवा तसा. पण हा शेवटचा, आई. हाही गेला, तर गाडी विकायची. खालचे शेजारी केव्हाचे मागे लागलेत."

खालच्या शेजाऱ्याचा गाडीवर डोळा आहे, हे काकूंना ठाऊक होतं. येता-जाता तो बॉनेटवर हात फिरवायचा. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. गाडी गेली, तर पुढे काय होणार ते त्यांना लख्ख दिसत होतं. मुलाला वेळ असेल तेव्हा मुलगा नेईल, सुनेला वेळ असेल तेव्हा सून नेईल, आणि "कुठे जायचंय, कशाला जायचंय, आजच जायला हवं का?" या तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय चप्पल पायात घालता येणार नाही. त्यापेक्षा दोन्ही डोळे पुरते गेले असते तरी परवडलं असतं, असं त्या रागाच्या भरात म्हणाल्या आणि मग स्वतःच घाबरल्या.

तर आता चांगला ड्रायव्हर शोधायचा. लोक ड्रायव्हर ठेवताना लायसन्स बघतात, अनुभव विचारतात, एक फेरी मारून बघतात. काकूंनी वेगळीच रीत काढली. एजन्सीतून येणाऱ्याला त्या स्वयंपाकघरात बसवायच्या, चहा-बिस्किटं पुढे ठेवायच्या आणि गोड आवाजात विचारायच्या, "आधी कुणाकडे होतात? माणसं कशी होती हो?"

एक मिशाळ गृहस्थ आले. त्यांनी आधीच्या मालकाची अख्खी कुंडली मांडली. मालक दर शनिवारी मीटिंग म्हणून कुठे जायचे, तिथे दार कोण उघडायचं, मालकीणबाईंना काय सांगायचं ठरलेलं असायचं, सगळं. काकू हसून हसून बेजार झाल्या. त्यांनी आणखी चहा टाकला, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "बरं, या आता." मिशाळ गृहस्थ शेवटपर्यंत चक्रावलेलेच होते. एवढी रंगलेली मुलाखत, आणि नोकरी नाही!

दुसरा तरुण होता. तो म्हणाला, "एक म्हातारी होती काकू, मागच्या सीटवर बसून एकटीच बडबडायची. मी आरशातून बघायचो. घरी आम्ही नक्कल करून हसायचो." काकू हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या पुढ्यातली बिस्किटांची बशी उचलून डब्यात रिकामी केली.

असे बरेच आले आणि गेले. आलेला प्रत्येक जण काकूंना खूश करायला आधीचं घर उघडं करायचा. शेवटी एजन्सीतला माणूस फोनवर वैतागून म्हणाला, "आता माझ्याकडे एकच नाव उरलंय. पण बाई आहे. चालेल?"

"बाई?" काकू म्हणाल्या. "आणि गाडी चालवणार?"

बोलून झालं आणि त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. हा आवाज आपला नव्हता. सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली, दाताचं दुखणं विसरून आज नेमक्या आपल्या तोंडून बोलल्या! काकूंना इतकी शरम वाटली की त्या फोनमध्ये ओरडल्या, "पाठवा! आजच पाठवा!"

ती आली. चाळिशी ओलांडलेली, दणकट बांध्याची, केस घट्ट बांधलेले. आधी शाळेची व्हॅन चालवायची, मुलं तिला व्हॅनमावशी म्हणायची, मग एका घरी खाजगी गाडीवर होती, एवढं तिने न विचारता सांगितलं. काकूंनी आपली बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"त्या घरची माणसं कशी होती हो?"

"होती."

"मालकीणबाई चांगल्या होत्या?"

"गाडी कुठली आहे तुमची?"

"गाडीचं बघू. नोकरी का सोडलीत?"

"सुटली."

"अहो, सहज विचारतेय. मी कुणाला सांगणार आहे?"

व्हॅनमावशीने बिस्कीट चहात बुडवलं, खाल्लं, आणि म्हणाली, "काकू, मी गाडी चालवताना रस्त्याकडे बघते. मागे कोण बसलंय, काय बोललं, कुठे उतरलं, माझ्या ध्यानात राहत नाही. तुम्हाला तसली माहिती हवी असेल तर दुसरं कुणी बघा."

काकूंचा आत्मा थंड झाला. पण त्या हाडाच्या चौकस. खात्री करण्याच्या नावाखाली त्यांनी आणखी थोडं उकरून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना आता त्या घरातलं ऐकायचंही होतं. पण मावशीने ताकास तूर लागू दिली नाही. खाली गाडीपाशी गेल्यावर तिने विचारलं, "पुढे बसता की मागे?" आजवर एकाही ड्रायव्हरने हे विचारलं नव्हतं. काकू पुढे बसल्या. नवऱ्याच्या जागेवरून रस्ता कसा दिसतो ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मुलाने दोन-तीनदा फोन करून बघितला. मावशी फोन उचलायची आणि म्हणायची, "गाडी चालू आहे." नाही तर, "गाडी उभी आहे." याच्यापलीकडे अवाक्षर नाही. "कुठे उभी आहे?" विचारलं की, "रस्त्याच्या कडेला." मुलाने बायकोला सांगितलं, "ट्रकवाले बरे, निदान खोटं तरी बोलतात!" काकूंनी ते दारामागून ऐकलं आणि त्यांना उकळ्या फुटल्या. त्या पुन्हा आईस्क्रीम खायला लागल्या. एकच, पण कुणी विचारत नसल्यामुळे एकातच पोट भरायचं.

सुख दुखतं म्हणतात ते असं. एका दुपारी काकूंनी गाडी गोदामांच्या मागच्या मैदानाकडे घ्यायला सांगितली. मैदान तसंच होतं, ओसाड, धुळीचं. मावशीने गाडी थांबवली.

"उतर," काकू म्हणाल्या.

मावशीने सवयीने किल्ली काढली आणि उतरली. काकू पुढून वळसा घालून आल्या आणि स्टेअरिंगसमोर बसल्या. सीट त्यांच्यासाठी जरा मागे होती. त्यांनी ती पुढे ओढली. हात आपोआप जागच्या जागी गेले.

"किल्ली दे."

"नाही, काकू."

"अगं, एक चक्कर. इथे भिंत नाही, खांब नाही, चिटपाखरू नाही. बघ, अख्खं मैदान मोकळं आहे."

"डावीकडे बघा."

काकूंनी मान वळवली. एक माणूस पोत्यांनी भरलेली हातगाडी ढकलत चालला होता. लांब नव्हता. त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. म्हणजे तो बराच वेळ इथेच होता, आणि काकूंच्या लेखी तो जगात नव्हता.

"येईल की तो समोर," काकू म्हणाल्या. "समोर आला की दिसेल."

"समोर आल्यावर उशीर होतो."

आता मात्र काकूंचा तोल गेला. नजर गेल्याचं दुःख, खांबाची लाज, डॉक्टरचं हसणं, सगळं त्या बाईच्या अंगावर पडलं. "गाडी माझी आहे!"

"आहे."

"तू माझी नोकर आहेस!"

"आहे."

"उद्यापासून येऊ नकोस!"

"बरं. आज घरी सोडते, मग नाही येत." किल्ली तिच्या मुठीत होती ती मुठीतच राहिली. ती गाडीला टेकून उभी राहिली आणि हातगाडीवाल्याला वाट विचारल्यासारखं काहीतरी विचारत बसली. काकू स्टेअरिंग धरून रडल्या. अगदी हमसून. नवरा गेला तेव्हाही त्यांना असं कुणासमोर रडता आलं नव्हतं. मग डोळे पुसून, उतरून, वळसा घालून पुन्हा डाव्या सीटवर येऊन बसल्या. मावशीने त्यांना घरी सोडलं.

त्या रात्री जेवताना काकू नुसता भात चिवडत होत्या. बाईला काढून टाकलं, आता ती कशाला गप्प बसेल? आई स्टेअरिंग मागत होती, एवढं एक वाक्य मुलाच्या कानावर गेलं की संपलं. गाडी शेजाऱ्याच्या दारात उभी राहील. मुलाने त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. "आमटीत मीठ कमी आहे," म्हणाला.

सकाळी मावशी वेळेवर खाली हजर. काकू म्हणाल्या, "तुला येऊ नको म्हटलं होतं ना?"

"रागात म्हणाला होतात. रागातलं मी धरत नाही. आता शांतपणे सांगा, जाते."

काकूंनी शांतपणे सांगून पाहिलं. ते जमेना. "पोस्टात जायचंय," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

पण मैदानाच्या कडेने त्या दुपारी खालचा शेजारी स्कूटरवरून गेला होता. आणि तो रस्त्याकडे बघणाऱ्यांतला नव्हता.

सुटीच्या दिवशी मुलाने मावशीला वर बोलावून घेतलं. बैठकीच्या खोलीत काकू त्यांच्या खुर्चीत, सूनबाई दारात, मावशी मध्यभागी उभी. मुलाने बस म्हटलं नाही.

"शेजारी म्हणत होते, आई मैदानात स्टेअरिंगवर बसली होती. खरं आहे?"

"मी रस्त्याकडे बघते," मावशी म्हणाली.

"हे बघा, ही गंमत नाही. माणूस मरेल एखादा!"

"गाडी माझ्या हातात आहे तोवर नाही मरणार."

"म्हणजे आईने गाडी चालवली की नाही?"

"त्या समोरच बसल्यात. त्यांना विचारा."

"तुम्हाला पगार मी देतो!"

"गाडी चालवायचा देता. ती चालवते."

मुलाचे कान लाल झाले. "मग उद्यापासून चालवू नका. संपलं. आई, मी सांगितलं होतं, हा शेवटचा. शेजाऱ्यांना मी आजच कळवतो."

काकू गप्प राहू शकल्या असत्या. शेजाऱ्याने पाहिलं होतं तरी त्याला किल्ली दिसली नव्हती. 'नुसती बसले होते, ऊन लागत होतं' म्हटलं असतं तर आपली बाजू सावरली असती. मावशी गेली असती, पण मिनतवाऱ्या करून गाडी कदाचित राहिली असती. एखादा पांढरा शर्ट परत आला असता. पण काकूंनी मावशीकडे पाहिलं. ती सरळ उभी होती, खुलासा करत नव्हती, आणि तिची नोकरी जात होती. काकूंना वाटलं, आपण म्हातारं व्हायला हरकत नाही, पण असलं म्हातारं व्हायचं नाही.

"थांब," त्या मुलाला म्हणाल्या. "तिला नको विचारू, मी सांगते. मी स्टेअरिंगवर बसले. मी किल्ली मागितली. ओरडून मागितली. नोकर म्हटलं तिला. तिने दिली नाही."

मुलाने मावशीकडे पाहिलं.

"डाव्या बाजूला माणूस होता, तो मला दिसला नाही. हिला दिसला. तू दोन ड्रायव्हर आणलेस, त्यातला कोण मला किल्ली नाकारणार होता सांग? ते तुला फोन करून कळवत बसले असते आणि मी तेवढ्यात गाडी सुरू केली असती! आता तुझ्या हातात आहे सगळं. कागद तुझ्या नावावर आहे. विकायची तर वीक. पण हिला काढलंस, तर मी या घरातून बाहेर पाऊल टाकणार नाही, आणि तुझ्या पडद्यावर मी कायमची एकाच जागी थांबलेली दिसेन. मग बस विचारत, गाडी का थांबली!"

 मुलगा खाली बसला. एकदम लहान दिसायला लागला.

"तुला भीती वाटत नाही, आई? खांबाच्या जागी पोर असतं तर? मला झोप लागत नाही त्या दिवसापासून."

"वाटते," काकू म्हणाल्या. "तुझ्याहून जास्त वाटते. म्हणून तर हिला ठेवलंय."

"मग कुठे जातेस ते सांगायला काय होतं?"

"काही होत नाही. तरी सांगणार नाही."

मुलाने बायकोकडे बघितलं. सूनबाई इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. आता ती वळता वळता म्हणाली, "मावशी, बसा ना. चहा टाकते. आणि उद्या आईंना सोडून आलात की मला पण ते मैदान दाखवा. मला गाडी येत नाही." मुलाने डोक्याला हात लावला, पण शेजाऱ्यांना कळवायला तो खाली गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खाली उतरल्या आणि डाव्या सीटवर बसल्या. गाडी फाटकातून, त्या खांबाच्या बाजूने, अलगद बाहेर पडली. काकूंनी खांबाकडे बघितलं नाही. वर गॅलरीत मुलगा दाढी अर्धी ठेवून उभा होता. त्याला राहवेना.

"आई! कुठे चाललीस?"

काकूंनी फक्त काच खाली केली. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. उंच भिंतीपाशी मावशीने वेग कमी केला, गाडी जवळजवळ थांबवली आणि उजव्या हाताने स्टेअरिंग धरून डावा हात बाजूला घेतला.

"स्टेअरिंग मिळणार नाही," ती समोर बघत म्हणाली. "कधीच नाही. पण पोरं सांगत होती, या कोपऱ्यावर तुमचं काहीतरी असायचं. तेवढं घ्या."

काकूंनी हात लांबवला. मागून मुलगा पुन्हा ओरडला, "आई, कुठे?"

आणि गल्लीभर ऐकू गेलं. एक लांब, एक तोकडा.